म्हाताऱ्याचे हात आधी बघा, समुद्र नंतर

शिरपूरकडच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तिला अमेरिकन लेखक हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही लघुकादंबरी आहे. ती लिहिते: "मॅडम, गाइडमध्ये दिलंय की समुद्र म्हणजे जीवन, मासा म्हणजे ध्येय, शार्क म्हणजे संकटं आणि म्हातारा म्हणजे चिकाटी. पण शेवटी म्हाताऱ्याच्या हाती नुसता सांगाडा येतो. मग ही चिकाटीची गोष्ट कशी? तो जिंकला असं सगळे का म्हणतात? आणि शेवटी स्वप्नात ते सिंह कशाला येतात?"

तुमची शंका रास्त आहे. खान्देशात तीस वर्षं इंग्रजी साहित्य शिकवताना मी ही कादंबरी कितीतरी तुकड्यांना शिकवली. दरवर्षी वर्गात कोणीतरी हे विचारायचंच, आणि ज्याने विचारलं त्यानेच पुस्तक नीट वाचलेलं असायचं. त्यामुळे सविस्तर लिहिते.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. सांतियागो हा क्युबातला हातावर पोट असलेला म्हातारा कोळी. ८४ दिवस त्याला मासा लागलेला नाही. पहिले ४० दिवस मानोलिन नावाचा मुलगा त्याच्या होडीवर होता, मग आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडलं. ८५व्या दिवशी म्हातारा एकटाच नेहमीपेक्षा फार दूर जातो. भर दुपारी त्याच्या गळाला मार्लिन जातीचा प्रचंड मासा लागतो आणि उलट तोच होडीला ओढत नेतो. दोन रात्री दोरी पाठीवर घेऊन म्हातारा तग धरतो आणि तिसऱ्या दिवशी माशाला मारतो. मासा १८ फुटी, होडीपेक्षा दोन फूट लांब, म्हणून तो होडीच्या अंगाला बांधावा लागतो. परतीच्या वाटेवर शार्क येतात आणि सगळं मांस तोडून नेतात. किनाऱ्याला लागतो तो सांगाडा. म्हातारा झोपडीत जाऊन झोपतो. संपली गोष्ट.

आता गाइडमधल्या यादीकडे येऊ. पुस्तक न वाचताही ती यादी पाठ करता येते, हा तिचा मोठा दोष. त्याहून मोठा दोष म्हणजे ती पुस्तकाशी जुळत नाही. मासा म्हणजे ध्येय म्हणता, पण म्हातारा त्या माशाला भाऊ म्हणतो, त्याची कीव करतो, त्याला खायची लोकांची लायकी नाही असं त्याला वाटतं, आणि शार्कनी लचके तोडल्यावर तो त्या माशाची क्षमा मागतो. ध्येयाची कधी कोणी क्षमा मागतं का? शार्क म्हणजे संकटं म्हणता, पण पहिला जो माको शार्क येतो त्याचं वर्णन पुन्हा वाचा. जबडा सोडला तर त्याचं सगळं देखणं आहे, तो कशाला भीत नाही, आणि म्हातारा स्वतःला बजावतो की तो जिवंत माशांवर जगतो, तुझ्यासारखाच. नंतर येणारे गालानो शार्क मात्र मेलेलंही खाणारे, घाण वासाचे. त्यांच्याबद्दल म्हाताऱ्याला तिटकारा आहे. म्हणजे शार्कशार्कमध्ये लेखक फरक करतो आणि यादी सगळ्यांना एकाच दावणीला बांधते.

खुद्द हेमिंग्वेला हे प्रतीकांचं खूळ आवडत नव्हतं. कादंबरी १९५२ साली आली, त्याच वर्षी त्याने कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना पत्रात कळवलं की यात प्रतीक वगैरे काही नाही. समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, मुलगा म्हणजे मुलगा, मासा म्हणजे मासा. पुढे त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आणि ती फार महत्त्वाची आहे: ज्याला माहीत असतं त्याला त्या पलीकडचंही दिसतं. याचा अर्थ मी असा घेते की आधी दोरी ही दोरी म्हणून दिसली पाहिजे. किती जाड, किती खोल, कुठे काचते, हे कळलं पाहिजे. मग ती दोरीहून मोठी होते का, ते आपोआप कळतं.

म्हणून मी वर्गात हातांपासून सुरुवात करायचे. पहिल्याच पानावर म्हाताऱ्याच्या हातांचं वर्णन आहे: जड मासे ओढून ओढून दोरीचे खोल व्रण पडलेले. आणि लगेच पुढे, त्यातला एकही व्रण ताजा नाही. जिथे मासा नाही अशा वाळवंटातल्या घळींइतके ते जुने आहेत. ८४ दिवसांचा दुष्काळ हेमिंग्वेने असा तळहातावर मांडला आहे. आता पुढे काय होतं ते हातांवरूनच वाचत जा. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा हिसका देतो, उजवा हात कापतो, रक्त येतं. डाव्या हाताला वांब येऊन तो पक्ष्याच्या पंजासारखा आवळतो. म्हातारा त्याला गद्दार म्हणतो, पण उन्हात धरून, कच्चा मासा खाऊन, वाट बघून त्याला पुन्हा कामाला लावतो. त्या रात्री मासा पाण्याबाहेर उड्या मारतो तेव्हा सुटणारी दोरी याच डाव्या हाताला भाजत, कापत जाते. शेवटी मानोलिन झोपडीत येतो, म्हातारा झोपलेला असतो, आणि मुलगा त्याचे हात बघून रडायला लागतो. हात जुन्या व्रणांचे होते, आता ताज्या जखमांचे झाले. पुस्तकातला संघर्ष एवढ्या दोन चित्रांत मावतो, त्यासाठी समुद्राला जीवन म्हणावं लागत नाही.

शिंदखेड्याकडची एक मुलगी हे ऐकताना स्वतःच्याच तळव्याकडे बघत बसली होती. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, मन्हा आजाबी असाच शे." माझा आजाही असाच आहे. आजोबांनी तरुणपणी मोट हाकलेली. नाडा, म्हणजे मोटेचा दोर, धरून धरून त्यांची बोटं पुरती सरळ व्हायचीच थांबली होती. पाण्याचा पेला धरतानाही नाडा धरल्यासारखा धरायचे. तिला मी त्या दिवशी काहीच शिकवलं नाही, तिला पुस्तक कळलं होतं. आपल्या मुलखाला हाताची ही भाषा नवी नाही. हेमिंग्वेची कादंबरी आली त्याच १९५२ साली इकडे असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली. बाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. भाकरीच्या आधी हाताला चटके, हे त्यांचं गाणं आपल्याकडे लहान पोरालाही येतं. फरक एवढाच की त्यांच्या गाण्यात चटक्यांनंतर भाकरी मिळते. सांतियागोला चटके मिळतात, भाकरी मिळत नाही. तुमचा प्रश्न नेमका इथेच येऊन थांबतो.

त्याचं उत्तर शोधायचं तर 'चिकाटी' या शब्दाकडेच जरा संशयाने बघायला हवं. आपल्या डोक्यात चिकाटी म्हटलं की जुन्या क्रमिक पुस्तकातला कोळी येतो, जाळ्याशी चढताना पडणारा, पुन्हा चढणारा आणि शेवटी पोचणारा. 'एका कोळियाने एकदा आपुले' ही ती कविता. पु. ल. देशपांड्यांनी हेमिंग्वेचं हे पुस्तक मराठीत आणलं तेव्हा नाव दिलं 'एका कोळियाने'. कोळी म्हणजे मासे धरणारा आणि कोळी म्हणजे जाळं विणणाराही, ही गंमत फक्त मराठीतच जमते, आणि मला ते नाव फार आवडतं. पण ते आपल्याला थोडं फसवतंही. कवितेतला कोळी शेवटी जाळ्यात पोचतो, म्हणून त्याची चिकाटी सार्थ ठरते. प्रयत्नांती परमेश्वर. सांतियागोच्या बाबतीत हे माप लावलं की तो नापास होतो, आणि मग गाइडवाले ओढूनताणून 'नैतिक विजय' वगैरे लिहून त्याला पास करतात.

पुस्तकात चिकाटी कुठे दिसते ते सांगते. मासा लागायच्याही आधी दिसते. म्हातारा पहाटे चार गळ सोडतो: ४० वाव, ७५ वाव, १०० आणि १२५ वाव खोल (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). दोऱ्या इतक्या सरळ ठेवतो की अंधाऱ्या पाण्यात प्रत्येक पातळीवर, त्याला हवं तिथेच, आमिष लटकत असतं. बाकीचे कोळी दोऱ्या प्रवाहावर सोडून देतात. त्यांना वाटतं गळ शंभर वाव खोल आहे, असतो साठवर. म्हातारा मनाशी म्हणतो की माझ्या दोऱ्या नेमक्या असतात, फक्त नशीब उरलं नाही. नशीब असलेलं बरंच, पण मी नेमका राहीन, म्हणजे नशीब आलं तर मी तयार असेन. ८४ दिवस हात हलवत परतलेला माणूस ८५व्या दिवशी दोरी तेवढीच सरळ सोडतो. माझ्या मते या पुस्तकातली सगळ्यात मोठी चिकाटी ही आहे, आणि ती माशाशी झुंजण्यात नाही. ती रोजच्या कामात आहे, कोणी बघत नसताना, फळ मिळत नसताना काम ढिलं न सोडण्यात आहे. ज्यांनी तीन वर्षं ओळीने पाऊस हुकल्यावरही चौथ्या वर्षी वाफसा, म्हणजे जमिनीतली पेरणीजोगी ओल, तपासूनच कापूस लावणारा शेतकरी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तसाच भाताचा प्रसंग. आदल्या संध्याकाळी मुलगा विचारतो, जेवायला काय आहे? म्हातारा सांगतो, पिवळा भात आणि मासा, पातेलं भरून. मुलगा विचारतो, फेकायचं जाळं मी घेऊन जाऊ का? तो म्हणतो, जा की. पातेलं नाही, भात नाही, जाळं केव्हाच विकलेलं आहे, आणि हे दोघांनाही माहीत आहे. रोज संध्याकाळी ते हे बोलणं बोलतात. आमच्या आजीकडून १९७२च्या दुष्काळातल्या गोष्टी ऐकलेल्या, त्यात दारी आलेल्या पाहुण्यासमोर रिकाम्या चुलीवर तवा ठेवणारी माणसं होती. गरिबी झाकण्याचा हा खोटेपणा नव्हे. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून दोघांनी मिळून सांभाळलेली ती रीत असते. प्रतीकं शोधणारे हा प्रसंग ओलांडून सरळ समुद्रावर जातात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आता सगळ्यात गाजलेल्या वाक्याकडे येते. माणूस नष्ट होऊ शकतो, पण हरू शकत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य भिंतीवर, डायरीवर, भाषणात, सगळीकडे दिसतं. तुमच्या गाइडमध्येही ते ठळक अक्षरांत असणार. पण ते पुस्तकात कुठे येतं? पहिल्या शार्कला मारल्यावर. तोवर माशाचं साधारण चाळीस पौंड मांस गेलं आहे, शार्कबरोबर हार्पून, म्हणजे मासा मारायचा भालाही, गेला आहे, पण बाकी मासा शाबूत आहे. म्हणजे लढाईच्या सुरुवातीला, हिंमत अजून अंगात असताना म्हातारा हे म्हणतो. आणि लगेच पुढच्या ओळीत त्याच्या मनात येतं की मासा मारला याचं वाईट वाटतं, आणि आता वाईट वेळ येणार आहे. त्यानंतर तो वल्ह्याला सुरी बांधतो. सुरीचं पातं मोडतं. मग सोटा. रात्री अंधारात शार्कचा थवा येतो, सोटा हातातून ओढला जातो. मग तो सुकाणूच उपसून हाणतो, तेही मोडतं, मग तो मोडक्या टोकाने भोसकतो. आणि त्यानंतर पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की आता आपण कायमचे हरलो हे त्याला कळलं. सकाळी मुलाला तो स्वतः सांगतो, त्यांनी मला हरवलं, मानोलिन, खरंच हरवलं. मुलगा म्हणतो, माशाने नाही हरवलं. म्हातारा कबूल करतो: नाही, ते नंतर झालं.

हे दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा. लेखकाने एक वाक्य उच्चारलं आणि मग पंचवीसेक पानं त्या वाक्याची कसोटी घेतली. कसोटीअंती म्हातारा म्हणतो, हरलो. गंमत अशी की हे कबूल केल्यावर त्याला हलकं वाटतं. तो म्हणतो, हरल्यावर किती सोपं असतं, मला माहीतच नव्हतं. आणि तुला कोणी हरवलं, या स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर देतो, कोणी नाही, मी फार दूर गेलो. त्यामुळे 'म्हातारा जिंकला' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. तो हरला, हे त्याने स्वतः सांगितलं आहे, आणि त्याच्या शब्दाला मान द्यावा. आपल्याकडे 'हात टेकणे' म्हणजे हार मानणे. सांतियागो हरला, पण सगळं मोडून होईपर्यंत त्याने हात टेकले नाहीत. हरणं आणि हात टेकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हे पुस्तक त्या दोहोंमधल्या जागेत उभं आहे.

एक माहिती इथे उपयोगी पडेल. ही गोष्ट हेमिंग्वेला कादंबरीच्या सोळा वर्षं आधीपासून ठाऊक होती. एप्रिल १९३६मध्ये 'एस्क्वायर' मासिकात त्याने गल्फ प्रवाहावर एक लेख लिहिला, त्यात एका परिच्छेदात एका म्हाताऱ्या कोळ्याची हकीकत आहे. त्यालाही मोठा मार्लिन लागला, त्यानेही तो होडीला बांधला, शार्कनी निम्म्याहून जास्त खाल्ला. इतर कोळ्यांनी त्याला उचललं तेव्हा तो होडीत रडत होता, अर्धवट वेडा झालेला. कादंबरीत काय केलं बघा: म्हातारा रडत नाही. रडतो तो मुलगा. हात बघून रडतो, कॉफी आणायला रस्त्याने जाताना रडत जातो आणि लोक बघतात याची त्याला पर्वा नसते. मूळ हकीकतीतलं रडू लेखकाने म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून काढून मुलाच्या डोळ्यांत ठेवलं. आपल्यासाठी रडणारं कोणीतरी किनाऱ्यावर आहे म्हणून म्हाताऱ्याला होडीत वेडं व्हावं लागलं नाही, असं मी त्यातून वाचते. समुद्रावर तो पुन्हा पुन्हा म्हणतो, पोरगा इथे असता तर. चिकाटी ही एकट्याने दात-ओठ खाऊन करायची गोष्ट आहे, हा समज या एका ओळीने खोडला जातो.

रावेर तालुक्यातला एक विद्यार्थी मला आठवतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं आणि त्यांची केळीबाग आडवी झाली. घड कापणीला आलेले होते, महिनाभरात पैसे हातात आले असते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना कल्पना येणार नाही: केळीचं झाड म्हणजे पाण्याने भरलेलं खोड, घडाच्या वजनाने आधीच कललेलं, वारा जोराचा आला की बुंध्यातून मोडतं किंवा मुळासकट उलटं होतं. वर्षभराची मेहनत, रात्रीबेरात्री लाइट आली की दिलेलं पाणी, सगळं तासाभरात जमिनीवर. तो पोरगा आठ दिवसांनी वर्गात आला. सत्र नुकतंच सुरू झालं होतं, मी नेमकं हेच पुस्तक घेतलेलं. सांगाडा किनाऱ्याला लागल्याचं पान मी वाचलं आणि तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, वडील दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन बागेत गेले. मला वाटलं रडत बसतील. ते पानं कापत होते, पिलं दबू नयेत म्हणून." आडव्या पडलेल्या झाडाच्या बुडाशी पील, म्हणजे केळीचा नवा कोंब, उभं असतं, त्याच्यावरचं ओझं काढलं तर पुढे त्याचीच पिलबाग होते. वर्गात कोणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, "मानोलिन म्हणजे पील."

मी त्या क्षणी हो म्हणाले, आणि आजही म्हणेन, पण जपून. कारण लगेच वर्गातून उत्तर आलं की म्हणजे शेवट आशादायी आहे. पुस्तक तेवढं सोपं करू देत नाही. मानोलिन म्हणतो खरं, आता आपण दोघं मिळून जाऊ, नशीब मी घेऊन येईन, मला अजून पुष्कळ शिकायचं आहे. म्हातारा नव्या भाल्याचं, नव्या पात्याचं बोलतो. पण त्याच संभाषणात तो हेही सांगतो की रात्री काहीतरी विचित्र थुंकीतून आलं आणि छातीत काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. तो पुन्हा समुद्रावर जाईल की नाही हे लेखक सांगत नाही. पील वाढेलच, बाजारात भाव मिळेलच, हे त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं. तरी ते सकाळी कोयता घेऊन गेले.

समुद्राबद्दल थोडं. आपण खान्देशी माणसं समुद्रापासून लांब, म्हणून विद्यार्थ्यांना वाटतं ते पुस्तक आपलं नाही. पण पुस्तकात एक परिच्छेद असा आहे जो आपल्याला मुंबईकरापेक्षा लवकर कळावा. म्हातारा समुद्राला 'ला मार' म्हणतो, स्पॅनिशमधलं स्त्रीलिंगी रूप, माया असणारे लोक म्हणतात तसं. शार्कच्या यकृताला चांगला भाव असताना ज्यांनी मोटरबोटी घेतल्या ते तरुण कोळी 'एल मार' म्हणतात, पुल्लिंगी, जणू समोरचा प्रतिस्पर्धी किंवा शत्रू. म्हाताऱ्याला ती बाईमाणूस वाटते, जी भरभरून देते किंवा हात आखडते, आणि क्रूरपणा केलाच तर तिचा नाइलाज असतो. मराठीत समुद्र पुल्लिंगीच, त्यामुळे हे भाषांतरात हरवतं. पण नदीकडे बघा. तापीला आपण माय म्हणतो. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तीच माय काठची उभी पिकं घेऊन जाते, आणि तरी दुसऱ्या वर्षी बाया तिची ओटी भरतात. तापीबद्दल जे वाटतं ते मनात ठेवून तो परिच्छेद वाचा, म्हणजे 'समुद्र म्हणजे संघर्ष' हे वाक्य किती चुकीचं आहे ते कळेल. म्हातारा समुद्राशी भांडत नाही. तो तिच्या अंगणात राहतो.

क्रूसावरच्या ख्रिस्ताची आठवण करून देणाऱ्या पुस्तकातल्या खुणांबद्दल परीक्षेत विचारतात, म्हणून तेही सांगून टाकते. गालानो शार्क दिसतात तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडून निघणारा उद्गार, हाताच्या आरपार लाकडात खिळा गेल्यावर निघावा तसा, असं वर्णन आहे. परतल्यावर तो डोलकाठी खांद्यावर घेऊन चढण चढतो आणि झोपडीपर्यंत पाच वेळा बसतो. झोपतो तो पालथा, हात पसरून, तळवे वर करून. या खुणा उघड आहेत आणि लेखकाने त्या मुद्दाम ठेवल्या आहेत. पण तेवढ्यावरून म्हातारा म्हणजे ख्रिस्त असं समीकरण मांडू नका. तो स्वतः म्हणतो, मी काही धार्मिक नाही. मासा मिळाला तर दहा वेळा ही प्रार्थना, दहा वेळा ती, आणि कोब्रेच्या मेरीमातेची यात्रा करीन. हा सरळ नवस आहे, चैत्रात आपल्याकडून लोक पायी वणीला जातात तसा. संकटात सापडलेल्या साध्या माणसाचा देव. शार्क म्हणजे हेमिंग्वेचे टीकाकार, हाही एक अर्थ तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल, कारण १९५० साली आलेल्या त्याच्या आधीच्या कादंबरीवर टीकेची झोड उठली होती. लेखकाच्या चरित्रात त्याचा उपयोग असेल, पुस्तक समजायला मला कधी झाला नाही.

उत्तर लिहिताना माझी सूचना एवढीच की यादी सोडा आणि एक वस्तू धरा. हात, दोरी, किंवा पिठाच्या पोत्यांची ठिगळं लावलेलं ते शीड, जे गुंडाळलं की कायमच्या पराभवाच्या झेंड्यासारखं दिसतं. ती वस्तू पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुठे कुठे येते आणि दरवेळी कशी बदललेली असते ते लिहा. शिडाच्या त्या वाक्यानंतर थोड्याच ओळींत म्हाताऱ्याच्या डोळ्यांचं वर्णन आहे, समुद्राच्या रंगाचे, आनंदी, न हरलेले. झेंडा पराभवाचा आणि डोळे न हरलेले, ही जोडी नुसती नोंदवलीत तरी परीक्षकाला कळेल की तुम्ही पुस्तक उघडलं होतं.

राहिले सिंह. जवळजवळ प्रत्येक उत्तरपत्रिकेत 'सिंह हे शक्तीचे व शौर्याचे प्रतीक' असं वाचून मी थकले. ते पान काढा. म्हातारा मानोलिनच्या वयाचा असताना जहाजावर आफ्रिकेला गेला होता, तिथल्या किनाऱ्यावर संध्याकाळी त्याने सिंह पाहिले होते. आता त्याला वादळांची स्वप्नं पडत नाहीत, बायकांची नाहीत, मोठ्या माशांची नाहीत, मारामाऱ्यांची नाहीत, ताकद आजमावण्याची नाहीत, स्वतःच्या बायकोचीही नाहीत. म्हणजे ज्याला आपण संघर्ष म्हणतो ते सगळं त्याच्या स्वप्नातून गेलेलं आहे. सिंह येतात ते मांजराच्या पिलांसारखे वाळूत खेळणारे, आणि मुलावर त्याची जशी माया आहे तशी त्यांच्यावर आहे, असं तिथे लिहिलं आहे. समुद्रावर जायच्या आदल्या रात्री तेच, झुंजीमधल्या थोड्याशा डुलकीत तेच, आणि सांगाडा किनाऱ्याला लावून आल्यावरही तेच. हे 'मांजराच्या पिलांसारखे' शब्द उत्तरात आधी लिहा. मग शेवटच्या ओळीआधीची ओळ बघा: म्हातारा पालथा झोपलेला आहे आणि मुलगा शेजारी बसून त्याच्याकडे बघतो आहे.